चार वाजताची काठी

सोमवार, १४ एप्रिल

काल सकाळी मी माळावर गेलो आणि आप्पासाहेबांना सांगितलं, "मांडवाला जादा दोर बांधत बसू नका. आज हवा शांत आहे." नुसतं सांगितलं नाही, मोबाइलवर माझा आलेख दाखवला. आप्पासाहेब यात्रा कमिटीचे अध्यक्ष, माणूस तिरकस. पण आलेख रंगीत होता आणि मी खराडीला हवामानाच्या ऑफिसात नोकरी करतो, हे त्यांना माहीत आहे. मांडववाल्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. साहेबांनी हवेला दम दिलाय."

चार वाजून गेल्यावर पश्चिमेकडून ढग असे चढले की बघताबघता ऊन गेलं. मांडव एका बाजूने उचलला गेला आणि आचाऱ्याच्या पातेल्यांवर येऊन पडला. वीज माळावरच्या पाण्याच्या टाकीवर कोसळली. टाकीच्या सावलीत पोरं क्रिकेट खेळत होती, ती पाऊस आला म्हणून नुकतीच पळाली होती. कुणाला काही झालं नाही. टाकीच्या कठड्यावर काळा ओघळ उमटला आहे.

आज सप्ताह सुरू झाला तो फाटक्या कापडाखाली. पुढच्या सोमवारी, अष्टमीला, भैरवनाथाची यात्रा. गाव महापालिकेत गेलं, मळ्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी यात्रा आहे तशी आहे. दुपारी चारला गावातल्या देवळातून मानाची काठी निघते आणि माळावरच्या देवळात जाते. काठीचा मान आमच्या घराचा. दादा गेल्यापासून ती मी धरत आलो. यंदा दादाचा मुलगा रणजित धरणार आहे.

सकाळी पूजेत मन लागलं नाही. पुन्हापुन्हा टाकी दिसत होती.

मंगळवार, १५ एप्रिल

चूक सापडली. मला नाही, शेफालीला.

शेफाली आमच्या ऑफिसात अंदाज देण्याचं काम करते. मी आकडेवारी साफ करणाऱ्या विभागात. अस्थिर हवेचं गणित माझ्या कामाचा भाग नाही. गेल्या वर्षीपासून हौसेने शिकतो आहे. पहाटे हवामान खात्याचा फुगा वर जातो आणि जाताजाता तापमान, ओलावा, दाब कळवत राहतो. ते आकडे वेबसाइटवर येतात. पायथनमध्ये लिहिलेला माझा प्रोग्राम ते घेऊन दोन रेषा काढतो, एक तापमानाची, एक ओलाव्याची. तिसरी रेषा कल्पनेतली: जमिनीजवळची हवा उचलून वर नेली तर ती कशी गार होत जाईल. वर गेल्यावरही ती भोवतालापेक्षा गरम राहिली, तर तिला कुणी ढकलावं लागत नाही, ती आपोआप चढते. तेवढी जागा प्रोग्राम लाल रंगवतो. लाल जागेचा आकडा म्हणजे केप. केप जितका जास्त, तितका ढगाला जोर.

रविवारी माझ्या आलेखात लाल जवळजवळ नव्हतंच.

शेफालीने आकडे वरून खाली पाहिले आणि हसू दाबलं. "सर, ही हवा तुम्ही कुठून उचललीत?"

"जमिनीपासून. पहिल्या ओळीपासून."

"पहिली ओळ हजार दाबाची आहे. पुण्यात हजारचा दाब कुठे असतो?"

तिने बोट खाली, फरशीकडे दाखवलं.

प्रोग्राम मी मुंबईच्या फुग्यावर बसवला होता. तिथे समुद्र, हजारची ओळ खरी. पुणं उंचावर, इथे तेवढा दाब जमिनीखालीच मिळेल, म्हणून त्या ओळीत तापमान रिकामं असतं. रिकाम्या जागी शेजारचे आकडे भरायचे, असं मीच प्रोग्रामला शिकवलं होतं. त्याने इमानाने भरले आणि हवा जमिनीच्या पोटातून उचलली. ती जमिनीपर्यंत येतानाच गार झाली. पुढे चढायला जोर कुठला राहणार?

"आणि दुसरं," शेफाली म्हणाली, "सकाळची गार हवा उचलून दुपारचं सांगता येत नाही ना. दुपारी एकोणचाळीस असणार. ते टाका, मग बघा."

टाकलं. रविवारचा आलेख पुन्हा काढला. लाल पट्टा खालून वरपर्यंत उभा राहिला, केप अठराशेच्या पुढे. मी खुर्चीत मागे टेकलो. हे सगळं रविवारी सकाळीच त्या आकड्यांत होतं.

येताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात होती. चार वाजता माळावर झाड नाही, आडोसा नाही. मागच्या वर्षी आप्पासाहेबांनी बांबू काढून ॲल्युमिनियमच्या पाइपची उंच काठी दिली, वर पितळी कळस. ती कमरेच्या पट्ट्यात रोवून रणजित उभा असणार. पाइप असो की बांबू, वीज आधी उंची बघते.

बुधवार, १६ एप्रिल

संध्याकाळी देवळात कमिटी बसली होती. मी जाऊन चूक सांगितली, सगळी. मग म्हणालो की काठी यंदा सकाळी उजाडताच न्यावी, या महिन्यात धोका असतो तो दुपार कलल्यावर.

आप्पासाहेबांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. "रंगनाथ, तू म्हणलास येत न्हाई, तवा आलं. आता म्हणतोस येनार. म्हंजी आमी निवांत काढायला हरकत न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो असतो, वाक्य चांगलं होतं.

रणजित खांबाला टेकून उभा होता. "काका, जमिनीखालची हवा म्हणजे नक्की कुठली? बोअरची का?"

"रणजित, टाकीवर काय झालं ते तू पाहिलंस."

"टाकीवर झालं. माझ्यावर नाही झालं. काका, ड्रोनवाल्याला ॲडव्हान्स दिलाय. सकाळी अंधारात काय शूट करणार तो? आणि पाहुणे चारला येणार आहेत."

"चार ही देवाची येळ," आप्पासाहेब मला म्हणाले. "तुझ्या बापानं चारलाच नेली, आज्यानं बी."

हे खरं आहे. वडील चार वाजताच निघायचे. मला आठवतं, डोक्यावर ऊन आणि त्यांच्या पाठीवर घामाने चिकटलेला सदरा. मी काही जुनी चाल परत आणत नव्हतो. मी चाल मोडा म्हणत होतो.

घरी आल्यावर रुपालीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. एक शब्द बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात एवढं ओळखता येतं. तिला माझी लाज वाटली असणार.

शुक्रवार, १८ एप्रिल

आज केप शून्य. सुधारलेल्या प्रोग्रामने, दुपारचं तापमान घालून, शून्य. वारा उत्तरेकडून फिरला, ओलावा गेला. आभाळ पुसल्यासारखं.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला नाही. एक क्षण वाईट वाटलं. सोमवारीही असंच कोरडं निघालं तर मी काय, पुन्हा एकदा विनोद होणार. आपण बरोबर ठरावं म्हणून माणूस विजेची वाट बघायला लागला, की त्याने देवासमोर बसू नये. संध्याकाळचा दिवा आज रुपालीला लावायला सांगितला.

ती अजून माझ्याशी मोजकंच बोलते. फक्त एकदा, चहा देताना, विचारलं, "सकाळी कितीपर्यंत बरं असतं?"

"काय बरं असतं?"

"हवा."

"दहापर्यंत काळजी नसते. का?"

"काही नाही, पापड घालायचेत." आणि मथुराकाकूंकडे निघून गेली. मथुराकाकू माझ्या चुलती, सत्तरी ओलांडलेल्या, सप्ताहातल्या बायकांची पुढारी. रुपाली हल्ली रोज त्यांच्याबरोबर माळावर कीर्तनाला जाते आणि उशिरा येते. कीर्तनाची तिला एवढी ओढ कधी नव्हती. माझ्यापासून लांब राहायला बरं पडत असेल.

शनिवार, १९ एप्रिल

ओलावा परत आला. आज केप हजाराच्या वर. ऑफिसात अर्धाच दिवस होता. शेफालीला सरळ विचारलं, "सोमवारी चार वाजता वीज पडेल का?"

"सर, हे मी नाही सांगू शकत. कोणीच नाही."

"मग हे सगळं काढून उपयोग काय?"

तिने थोडा विचार केला. "कुकर लावलाय, आत वाफ किती आहे ते कळतं. झाकण किती घट्ट आहे तेही कळतं. शिट्टी नेमकी कधी होईल, ते नाही. पण म्हणून कुणी कुकरवर वाकून तोंड घालून बसतं का?"

मी म्हणालो, "आमच्या गावात बसतात. मानाने."

ती हसली नाही. "तुमचा पुतण्या आहे ना तो?"

"हो."

"मग सर, एवढं डिस्कशन कशाला?"

तिचं वय सव्वीस. पण हा प्रश्न मला घरी येताना पुलावरच्या गर्दीतही सोडेना. चर्चा मी कमिटीशी करतो आहे, देवाशी करतो आहे, फुग्याशी करतो आहे. काठीचा मान कुणाचा? माझा. रणजितला मी दिला तर त्याचा. नाही दिला तर?

संध्याकाळी रणजितकडे गेलो. म्हणालो, "यंदा काठी मीच धरतो." त्याचं तोंड उतरलं, मग चढलं. "काका, सगळ्या गावात सांगून झालंय. मला घाबरट ठरवताय तुम्ही. तुमचं लॅपटॉपवर चुकलं, त्याची शिक्षा मला?" वहिनी, त्याची आई, दारात उभी होती. मला म्हणाली, "भावजी, पट्टा रुपाली घेऊन गेलीय, शिवायला." काठीचा चामडी पट्टा जुना झाला होता, बरं झालं. निदान पोराला धड पट्टा मिळेल.

रविवार, २० एप्रिल

आज कौल लावला. आप्पासाहेबांनीच काढलं ते: "एवढा शास्त्री झालायस तर देवाला इचार. भैरवनाथ सांगंल तसं."

याला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं, आणि खरं तर म्हणायचंही नव्हतं. मी मनापासून गेलो. अंघोळ करून, उपाशी. शंभू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली आणि मोठ्याने विचारलं, "काठी चाराला काढायची का, महाराज? हो असंल तर उजवं दे." मी डोळे मिटून एवढंच म्हणालो, डावं दे.

उजवं पडलं. लगेच पडलं. शंका घ्यायला जागा नव्हती.

"झालं?" आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, त्यामुळे जास्त लागलं.

घरी येऊन बराच वेळ मागच्या अंगणात बसलो. लहानपणापासून या देवाचा कौल मी मोडलेला नाही. शिक्षण घ्यायचं की शेती करायची, हेसुद्धा वडिलांनी त्यालाच विचारलं होतं, आणि त्याने मला कॉलेजात पाठवलं. आज त्याने सांगितलं, चार वाजता.

मग असं वाटलं, आणि जसं वाटलं तसंच लिहितो. देव म्हणाला, चार वाजता चालेल. त्याला चालेल. त्याला ऊन, वीज, सगळं चालतं. तो त्यांचाच धनी आहे. मला रणजित त्या पाइपाखाली चालणार नाही. मी नास्तिक झालो नाही. मी त्याच्या पायांशी बसून त्याला नाही म्हणतो आहे, आणि कोप करायचा असेल तर माझा पत्ता त्याला ठाऊक आहे.

उचललेली काठी वाटेत टेकवत नाहीत. माळावरच्या देवळातच ती जमिनीला लागते. एकदा उचलली की आप्पासाहेब काय, कुणीही ती परत फिरवू शकत नाही. उद्या पहाटे उचलायची. कळसापासून सुटलेले चार दोर ताणून काठी सरळ ठेवायला चार माणसं लागतात, ती नाहीत. नसू देत. सावकाश नेईन.

रुपालीला सांगितलं नाही. तिने उद्याच्या नैवेद्याची डाळ आज संध्याकाळीच शिजवून पुरण वाटून ठेवलं आहे. म्हटलं, "नैवेद्य दुपारचा, एवढी घाई कशाला?" तर माझ्याकडे नुसती बघत राहिली. काय चुकलं कोण जाणे.

सोमवार, २१ एप्रिल

माळावरच्या देवळाच्या पायरीवर बसून लिहितो आहे. ऊन आलं आहे, अजून कोवळं आहे.

पहाटे उठलो तर पट्टा पूजेच्या खोलीत, देवापाशी ठेवलेला. रुपाली शिवून रणजितकडे द्यायला विसरली असावी. कमरेला बांधला, तर अगदी माझ्या मापाचा. रणजितची कमर माझ्याएवढी झाली असेल असं वाटलं नव्हतं. हल्लीची मुलं बाहेरचं फार खातात.

गावातल्या देवळात पोचलो तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. आतून बायकांचा आवाज. मथुराकाकू, वहिनी, सप्ताहातल्या पंचवीस-तीस जणी, नैवेद्याची ताटं झाकून बसलेल्या. काकड आरतीला निघाल्या असतील, पण ती माळावर असते. देवानेच वाट चुकवून आणल्या म्हणायच्या. रुपालीही होती. माझ्या आधी कशी आली, कळलं नाही.

मी देवाला नमस्कार केला. म्हणालो, कौल मोडतो आहे. पट्ट्यात काठी घेतली आणि उभी केली. तीन पावलं गेलो तोच कळस झोकांड्या द्यायला लागला. दोर चारही बाजूंना मोकळे लोंबत होते. आता जाणार, असं वाटलं तेवढ्यात एक दोर ताणला गेला. मथुराकाकूंनी हाताला गुंडाळला होता.

"काकू, बायका दोराला हात लावत नाहीत."

"मंग तू चार हात काड," म्हणाल्या. "चल, उगा बोलू नगंस. दम जाईल."

दुसरा रुपालीने, तिसरा वहिनीने. चौथा कुणी धरायच्या आत कोपऱ्यावरून रणजित पळत आला, बनियनवर, अनवाणी. "काका! खाली ठेवा! आधी खाली ठेवा!"

"खाली ठेवता येत नाही. तुला माहीत आहे."

"तुम्ही मुद्दाम केलंत. कौल मोडलात तुम्ही!"

"हो."

काठी पुन्हा कलली, या वेळी त्याच्या बाजूला. तो शिव्या देत होता, माझ्याकडे बघतही नव्हता, पण दोर त्याने झेलला. मग सोडला नाही. चढावर काठी मागे झुकली तेव्हा त्याने दोर आखडून कळस सरळ केला. वाटेतल्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांत लोक चहाचे कप घेऊन उभे होते. एकाने विचारलं, "अहो, यात्रा चारला आहे ना?" वहिनी खालून ओरडली, "तुमची असंल!" आणि बायका भैरवनाथाच्या नावानं चांगभलं करत पुढे झाल्या.

सूर्य टाकीच्या वर आला तेव्हा काठी माळावरच्या देवळापुढे खड्ड्यात बसली. वहिनीने आधी रणजितला जवळ घेतलं. मग माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वाकू दिलं नाही.

आप्पासाहेब गाडीतून आले. काठीकडे वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"मान जाईल तुझ्या घरचा. कमिटी बसंल आज."

"बसू द्या."

"पाव्हण्यांना काय सांगू? चाराला येत्याती."

"सांगा, देव लवकर निघाला."

"देवानं चार सांगितलं हुतं."

"होय. त्याचं मी ऐकलं नाही. तुम्ही मला काय ते करा, आप्पासाहेब. तोही करेल. काठी आता वर लागली."

मथुराकाकूंनी त्यांच्या हातात पुरणपोळीचं ताट दिलं आणि म्हणाल्या, "आप्पा, खाऊन घ्या, मंग ओरडा." त्यांनी ताट घेतलं. खाल्लं नाही, पण परतही केलं नाही.

आजच्या फुग्याचे आकडे आता आले असतील. शेफालीचा एक मेसेजही आला आहे. मी फोन उघडलेला नाही. केप शून्य असेल, दोन हजार असेल. दुपारी आभाळ कोरडं राहिलं तर आयुष्यभर ऐकावं लागेल, ते ऐकेन. रणजित समोर पायरीवर बसून अनवाणी पायातला काटा काढतो आहे. माझ्याकडे पाठ केली आहे.

काठी मी सकाळी नेली.